जॅक अँड द बीनस्टॉक स्लॉट: जमलेल्या किल्ल्या पुढच्या बोनसमध्ये धरतात का?

थेम्सकाठची (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. इथे संख्याशास्त्राची आणि गेम बनवणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझा नवरा शुक्रवारी रात्री, मुलं झोपली की, फोनवर ‘जॅक अँड द बीनस्टॉक’ नावाचा स्लॉट (पैसे लावून चित्रांची रिळं फिरवायचा जुगाराचा खेळ) खेळतो. वीस पेन्सचा एक स्पिन. इथे ते कायदेशीर आहे, साइट परवानाधारक आहे आणि महिन्याला किती रुपये (म्हणजे पौंड!) यात घालायचे ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं आहे. त्यामुळे घरात त्यावरून वाद नाही. मीच हळूहळू शेजारी बसून बघायला लागले, कारण चित्रं खरोखर सुरेख आहेत. मी रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगते. जादूच्या बिया, ढगापर्यंत गेलेला वेल, वरचा राक्षस, हे सगळं माझ्या नेहमीच्या पोतडीतलं. रिळांवर जॅक आहे, राक्षस आहे, कुऱ्हाड आहे, झारी आहे. गोष्टीतल्या गाईच्या जागी शेळी का घेतली ते कळलं नाही, पण तीही गोड आहे.

तर प्रश्न असा. परवा त्याला तीन पेट्या येऊन फ्री स्पिन मिळाले. त्या फेरीत उजवीकडच्या शेवटच्या रिळावर किल्ल्या येतात आणि एका बाजूला मोजल्या जातात. त्याच्या सात किल्ल्या झाल्या, सोन्याची कोंबडी आली आणि फेरी संपली. नऊ झाल्या असत्या तर हार्प (गोष्टीतलं सोन्याचं तंतुवाद्य) येणार होता. तेव्हापासून तो म्हणतोय की सात तर झाल्याच आहेत, आता दोनच उरल्या, या शुक्रवारी हार्प नक्की. मी म्हटलं, फेरी संपली तशा किल्ल्याही गेल्या असणार. तो म्हणतो, ठेवायच्या नसत्या तर मोजून दाखवल्या कशाला असत्या?

खरं काय आहे? आणि बराच वेळ बोनस, म्हणजे हे फ्री स्पिन, आला नाही की तो ‘जवळ’ येतो, यात काही तथ्य आहे का? अजून एक, साइटकडून त्याला ईमेल आलाय: वीस पौंड भरा, वर वीस पौंड बोनस. अटींमध्ये ‘१० पट’ असं काहीतरी आहे. घ्यावा का?

पार_शीट (स्लीमा, माल्टा)

ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी स्लॉटचं गणित तपासण्याच्या कामात आहे. कंपनीने कागदावर मांडलेलं गणित आणि खेळात प्रत्यक्ष चालणारं गणित एकच आहे ना, हे बघणं हे माझं काम. तुम्ही म्हणता तो खेळ नेटएंट या स्वीडिश कंपनीने २०१३ मध्ये आणला. आमच्या धंद्यातली जुनी मंडळी अजूनही त्याचं नाव आदराने घेतात. का ते सांगतो, पण आधी तुमचं उत्तर.

किल्ल्या पुढे जात नाहीत. त्या फक्त त्या एका फ्री स्पिनच्या फेरीपुरत्या असतात. फेरी संपली की मोजणी शून्यावर येते. या शुक्रवारी पुन्हा तीन पेट्या पडल्या तर पहिली किल्ली ही पहिलीच असेल. तुमच्या यजमानांना स्पष्ट सांगा, कारण ‘दोनच उरल्या’ या हिशेबाने माणूस ठरवलेल्या रकमेच्या पुढे जातो.

‘बोनस जवळ आला’ यातही तथ्य नाही. बटण दाबलं की सर्व्हरवर यादृच्छिक आकडे निघतात आणि प्रत्येक रीळ कुठे थांबायचं ते त्यावरून ठरतं. मागचे दोनशे स्पिन कोरडे गेले की नाही याची नोंद त्या आकड्यांच्या वाटेत कुठेच येत नाही. पाचशे स्पिननंतरही पुढच्या स्पिनला तीन पेट्या पडण्याची शक्यता पहिल्या स्पिनला होती तेवढीच. रिळं फिरताना तुम्ही बघता ते आधीच ठरलेल्या निकालाचं चित्र आहे. दोन पेट्या पडून तिसऱ्यासाठी रीळ रेंगाळतं, तेव्हाही निकाल लागून गेलेला असतो.

आता खेळाची घडण. पाच रिळं, तीन ओळी, वीस ठरलेल्या पेलाइन (ज्या रेषांवर चिन्हं जुळली की पैसे मिळतात त्या). एका पेलाइनवर एक पेनी धरली की वीस पेन्स, तो तुमचा स्पिन. मूळ आवृत्तीचा परतावा ९६.२८ टक्के. म्हणजे दीर्घकाळात लावलेल्या दर शंभर पौंडांमागे ३.७२ पौंड कॅसिनोकडे राहतात. या ९६.२८ मध्ये सगळं आलं: साध्या जुळण्यांचे पैसे, चालणारे वाइल्ड (इतर साध्या चिन्हांची जागा घेणारं चिन्ह), फ्री स्पिन, कोंबडी, हार्प. बोनस म्हणजे वरकड काहीतरी मिळतं असं लोकांना वाटतं, आणि इथेच गफलत होते. बोनसमधून जे येतं ते आधीच त्या आकड्यात धरलेलं आहे. किंबहुना मूळ खेळ एरवी कोरडा वाटतो तो त्यामुळेच, कारण परताव्याचा चांगला मोठा वाटा क्वचित येणाऱ्या क्षणांसाठी राखून ठेवलाय. चढउतार जास्त असलेला खेळ आम्ही म्हणतो तो हाच.

आणि आता जे मला मनापासून आवडतं ते. चालणारा वाइल्ड. कुठल्याही रिळावर वाइल्ड आला की एक स्पिन फुकट मिळतो आणि तो वाइल्ड एक घर डावीकडे सरकतो. पुन्हा स्पिन, पुन्हा एक घर डावीकडे, पडद्यावरून बाहेर पडेपर्यंत. वाटेत नवा वाइल्ड आला तर तोही चालू लागतो. वाइल्ड ज्या जुळणीत असेल तिची रक्कम तिप्पट. हे डावीकडेच का? कारण जुळणी डावीकडून उजवीकडे मोजतात. पाचव्या रिळावरचा वाइल्ड फक्त पाचही चिन्हं जुळली तरच उपयोगी पडतो. चौथ्यावर आला की चार जुळली तरी चालतं. तिसऱ्यावर पोचला की तीन चिन्हांच्या साध्या जुळणीतही त्याचा हात असतो. म्हणजे तिसऱ्या रिळापर्यंत दर पावलाला त्याचं मोल वाढत जातं. बघणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, तरी श्वास रोखला जातो. चित्र आणि गणित एकाच दिशेने चालवणं फार थोड्यांना जमतं, आणि या मंडळींना ते २०१३ मध्येच जमलं.

किल्ल्यांचंही तसंच. तीन किल्ल्यांना सोन्याची थैली: वाइल्ड दोन घरं उंच होतो. सहाला कोंबडी: तीन घरं उंच. पण तीन घरं उंच असला तरी तो अर्धवट पडू शकतो, वरचा एखादा तुकडा पडद्याबाहेर राहतो. नऊ किल्ल्यांचा हार्प मात्र कुठेही पडला तरी अख्खं रीळ व्यापतो. आणि हे उंच वाइल्डसुद्धा डावीकडे चालतात. ताई, तुम्ही गोष्ट सांगता म्हणून तुमच्या लगेच लक्षात येईल: जॅक वर तीनदा चढतो, आधी थैली, मग कोंबडी, मग हार्प. बक्षिसांचा क्रम गोष्टीतलाच ठेवलाय. तुमच्या यजमानांना सात किल्ल्यांवर थांबणं इतकं लागलं ते त्यामुळेच. पैशापेक्षा गोष्ट अर्धी राहिल्याची रुखरुख जास्त असते. ते स्वाभाविक आहे, फक्त खेळाला ती रुखरुख ठाऊक नाही.

मोजून का दाखवतात, तर चालू फेरीत पुढची पायरी कुठे आहे हे खेळणाऱ्याला कळायला हवं म्हणून. दहा फ्री स्पिन मिळतात, त्यात पुन्हा तीन पेट्या आल्या तर आणखी पाच. नऊ किल्ल्या होणं अवघडच. मी तपासणीत कोट्यवधी स्पिन यंत्राकडून फिरवून घेतो, त्यात हार्प दिसतो. माणसाच्या शुक्रवारच्या तासाभरात तो दिसेलच असं नाही.

चित्रवही (मँचेस्टर)

वरचं उत्तर उत्तम. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून एका वेगळ्या बाजूने लिहिते. ‘मुलं झोपली की’ हे तुमचे शब्द वाचून मला फार बरं वाटलं, ते तसंच चालू ठेवा.

परीकथांचे स्लॉट ब्रिटनमध्ये याच कारणाने चर्चेत आले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये गॅम्बलिंग कमिशनने (जुगारावर देखरेख करणारी इथली सरकारी संस्था) आणि जाहिरात नियामकांनी मिळून ऑनलाइन कंपन्यांना पत्र लिहिलं, की मुलांना भुरळ घालतील अशी कार्टून, अशी पात्रं उघड्यावर, कुणालाही दिसतील अशा पानांवर ठेवू नका. तेव्हा असे खेळ फुकटच्या डेमोमध्ये कुणालाही, वय न सांगता खेळता यायचे. मे २०१९ पासून तो रस्ता बंद झाला: आता फुकट आवृत्तीसुद्धा वय पडताळल्याशिवाय उघडता येत नाही. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा बदल होता.

खेळ प्रौढांसाठी आहे आणि प्रौढांना परीकथा आवडू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावर राक्षस आणि सोन्याची कोंबडी दिसली तर ते त्याच्याच पुस्तकातलं आहे असं त्याला वाटणार. त्याला पेलाइन दिसत नाही. तुमच्या शाळेतल्या मुलांसाठी तो जॅक तुमच्या तोंडूनच राहू दे. आणि फोनवर मुलं गेम खेळत असतील तर हे ॲप वेगळ्या पासवर्डमागे ठेवा.

गोदाकाठ (नाशिक)

मध्येच विचारतो, माफ करा. हाच खेळ इकडे एका ग्रुपवर लिंक येऊन फिरतोय, ‘भारतात चालतो, यूपीआयने पैसे भरा, पहिल्या दिवशी दुप्पट’. चित्रं तीच दिसतात. खेळू का?

पंचगंगा_वकिली (कोल्हापूर)

नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, देण्यावर त्यात बंदी आहे. देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. अशा खेळांसाठी पैसे वळते करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट सेवाही त्यात येतात. निव्वळ खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण त्यामुळे तुमचे पैसे सुरक्षित होत नाहीत. तुमच्या लिंकमागे परवाना नाही, तक्रारीला जागा नाही, जिंकलात तर ते देतीलच याची हमी नाही. यूपीआय कुणा तिऱ्हाइताच्या खात्यात जात असेल तर उद्या तुमचंच खातं गोठवलं जाऊ शकतं. आमच्याकडे अशी माणसं येतात. ज्या मित्राने लिंक पाठवली त्यालाही सांगा.

पार_शीट (स्लीमा, माल्टा)

गोदाकाठ दादा, वकिलांनी सांगितलं ते ऐकाच. माझ्या बाजूची एक भर: चित्रं तीच असली म्हणजे आतलं गणित तेच असतं असं मुळीच नाही. लोकप्रिय स्लॉटच्या नकला करून बेकायदा साइटवर चढवतात. वरून जॅक आणि राक्षस, आत कुणीही न तपासलेला कोड. त्यात परतावा पन्नास टक्के ठेवला तरी तुम्हाला कळायची सोय नाही.

ताई, तुमच्या बोनसच्या ईमेलचं राहिलं होतं. ‘१० पट’ म्हणजे बोनसच्या रकमेच्या दहापट पैज लावून झाल्याशिवाय त्यातलं काही काढता येत नाही. वीस पौंडांच्या बोनसवर दोनशे पौंडांच्या पैजा. ३.७२ टक्क्यांनी त्यातले सरासरी ७.४४ पौंड जातात, म्हणजे कागदावर वीसमधले साडेबारा उरतात. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून दहापट ही कमाल मर्यादा केली आहे. त्याआधी ३५ पट सर्रास असायचं: सातशे पौंडांच्या पैजा, सरासरी तोटा २६.०४ पौंड, म्हणजे मिळालेल्या बोनसपेक्षा जास्त! तेव्हा आजची ऑफर पूर्वीपेक्षा खूपच रास्त आहे.

तरीही मी तुमच्या जागी असतो तर एक हिशेब आधी केला असता. वीस पेन्सने दोनशे पौंड म्हणजे एक हजार स्पिन. ब्रिटनच्या नियमाने एक स्पिन अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपत नाही आणि ऑटोप्ले ऑक्टोबर २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी बोटाने दाबावं लागणार. तासाला सहाशे स्पिन धरले तर पावणेदोन तास होत नाहीत, पण मुदत सात दिवसांची असेल तर त्याच आठवड्यात ते पूर्ण करावे लागतात. शुक्रवारी तासभर खेळणारा माणूस बोनस वाया जाऊ नये म्हणून मंगळवारीही बसतो. माझ्या मते तुमच्या घरातला ठरलेला शुक्रवार वीस पौंडांहून मोलाचा आहे. मी नाही घेणार.

नेहमीच्या एका तासाचा हिशेबही सांगून ठेवतो. सहाशे स्पिन, वीस पेन्स: एकशेवीस पौंडांच्या पैजा, सरासरी तोटा साडेचार पौंडांच्या आसपास. सरासरी म्हणतोय. एखाद्या शुक्रवारी चाळीस जातील, एखाद्या दिवशी कोंबडी वर काढेल. तोच माणूस एक पौंडाच्या स्पिनवर गेला तर साडेचारचे बावीस होतात. तेव्हा रक्कम वीस पेन्सवरच राहिली पाहिजे. पंचवीस आणि त्यावरच्या वयाच्यांना ऑनलाइन स्लॉटला एका स्पिनला पाच पौंडांची कमाल मर्यादा एप्रिल २०२५ पासून आहे, १८ ते २४ वयाच्यांना मे २०२५ पासून दोन पौंडांची. पण त्या मर्यादेच्या आतही खिसा रिकामा होऊ शकतो.

आणि साइटवरचा ९६.२८ एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा. काही खेळांच्या कमी परताव्याच्या आवृत्त्याही असतात आणि कुठली लावायची ते कॅसिनो ठरवतं. खेळातल्या नियमांच्या पानावर तो आकडा द्यावाच लागतो.

थेम्सकाठची (रेडिंग, इंग्लंड)

सगळ्यांचे मनापासून आभार! काल दोघांनी मिळून हे सगळं वाचलं. नियमांच्या पानावर ९६.२८ च आहे, शेवटच्या ओळींत सापडलं. किल्ल्यांचं वाचून तो थोडा हिरमुसला, पण थैली-कोंबडी-हार्पचा क्रम गोष्टीतलाच आहे हे मी इतके दिवस बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्याचं मलाच फार कौतुक वाटलं. वाइल्ड तिसऱ्या रिळावर पोचला की नवरा पुढे का झुकतो तेही आता कळलं.

बोनस घेतला नाही. साइटवर जमा रकमेची मर्यादा लावायची सोय होती, ती आमच्या ठरलेल्या रकमेवर लावली. आतापर्यंत ती नुसती तोंडी होती.

त्याचे दोन प्रश्न उरलेत. एक, डेमोमध्ये त्याला जास्त वेळा फ्री स्पिन मिळाल्यासारखे वाटतात, तिथे गणित सैल असतं का? दोन, फ्री स्पिन चालू असताना ट्रेनमध्ये नेटवर्क गेलं तर?

पार_शीट (स्लीमा, माल्टा)

डेमो: ब्रिटनच्या परवान्याखाली फुकट आवृत्तीत जिंकण्याची शक्यता खऱ्या आवृत्तीसारखीच दाखवावी लागते. ती फुगवून दाखवणं नियमबाह्य आहे. डेमोत खिशातलं काही जात नाही म्हणून आपण भराभर खूप स्पिन मारतो आणि आलेले बोनस लक्षात राहतात, कोरडे स्पिन राहत नाहीत. पाहिजे तर त्यांनी एकदा वहीत रेघा ओढून मोजावं, प्रत्येक पेटीची नोंद, प्रत्येक कोरड्या स्पिनची नोंद. गणिताची गोडी असेल तर मजा येईल, आणि हार्प दिसायची हौस डेमोत फुकट भागते. फक्त शंभर-दोनशे स्पिनवरून निष्कर्ष काढू नका, एवढ्यात काहीही दिसू शकतं.

नेटवर्क: निकाल सर्व्हरवर ठरलेला असतो, फोन फक्त दाखवतो. परत लॉगिन करून तोच खेळ उघडला की उरलेले फ्री स्पिन तिथूनच सुरू होतात, त्या फेरीत जमलेल्या किल्ल्यांसकट. ती फेरी मात्र फार दिवस तशीच सोडू नका. अर्धवट राहिलेले खेळ किती दिवसांनी आणि कसे निकालात काढायचे ते प्रत्येक साइटच्या अटींत दिलेलं असतं, ‘अपूर्ण खेळ’ या अर्थाच्या मथळ्याखाली शोधा.